पुढच्या वर्षीची बॅटरी

त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला स्वतःहून परत पाठवणारा असा दुकानदार शोधून सापडला नसता. कोणी डोळे तपासायला आलं की तो म्हणायचा, नंबर अजून बदलतोय, जरा थांबा. गिऱ्हाईक काही थांबायचं नाही, पलीकडच्या दुकानातून चष्मा करून घ्यायचं. लग्नाच्या वेळीही त्याने मुलीकडच्यांना इतकं ताटकळत ठेवलं, की शेवटी मुलगीच येऊन म्हणाली, दुसऱ्या स्थळाला उत्तर द्यायचंय, तुमचं काय ते एकदाचं बोला. तेव्हा कुठे तो बोहल्यावर चढला. इमारतीत त्याला सगळे थांबाकाका म्हणत. हे नाव आपल्या दूरदृष्टीमुळे पडलं, अशी त्याची समजूत होती.

दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून रहिवाशांनी त्यालाच चिटणीस केलं. छतावरची सोलर पॅनेल आधीच्या चिटणिसाने बसवून घेतली होती. राहिली होती बॅटरी. दिवसाची वीज साठवायची, संध्याकाळी वापरायची आणि लाइन गेली तर लिफ्ट-पंप चालू ठेवायचे, एवढाच मामला. पण थांबाकाका बॅटरीवरची एकही बातमी सोडायचा नाही, आणि प्रत्येक बातमीत पुढच्या वर्षी काहीतरी भारी येणार असायचं. कधी सोडियमची, कधी पेट न घेणारी, कधी निम्म्या किमतीची. आज घेईल तो मूर्ख, असं तो दर बैठकीत ठणकावून सांगायचा. दुसऱ्या मजल्यावरची दातांची डॉक्टर एकदा म्हणाली, की तिचे पेशंटही असेच थांबतात आणि मग दात उपटावा लागतो. काकाने ते हसण्यावारी नेलं.

मग एका भर दुपारी काका जेवायला घरी येत असताना तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली. लाइन गेली होती. छतावर ऊन मी म्हणत होतं, पॅनेल तळपत होती, आणि तरी इमारतीत पंख्याचं पातंही हलत नव्हतं. लाइन गेली की पॅनेलही आपोआप बंद पडतात, तारा दुरुस्त करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून. जोडीला बॅटरी असती, तर इमारत लाइनपासून सुटी होऊन आपल्या जिवावर चालली असती. काकाला हे तोंडपाठ होतं. बैठकीत त्यानेच तर सगळ्यांना समजावलं होतं.

लिफ्टवाल्या मेकॅनिकला यायला वेळ होता. बघता बघता जिन्यात सगळी इमारत गोळा झाली. एवढी गर्दी एकाही बैठकीला झाली नव्हती, म्हणून डॉक्टरने तिथेच बॅटरीचा विषय काढला. चिटणीस हजर नसताना बैठक भरवता येत नाही, असा आतून निरोप आला.

"तुम्ही हजरच आहात की," डॉक्टर म्हणाली. "नुसते अडकलाय."

"अहो, सोडियमवाली येतेय. सहा महिने थांबा फक्त."

यावर त्याची बायको दाराच्या फटीपाशी गेली आणि शांतपणे म्हणाली, "मग ती येईपर्यंत तुम्ही आतच थांबा. जेवण आणून देते मी."

जिन्यात हशा पिकला. आत मात्र काकाच्या अंगाला घामाने सदरा चिकटला होता, आणि बायको खरंच निघून गेली की काय, हे बघायला तो फटीला डोळा लावून उभा होता. बाहेर हात वर झाले. मोजणी संपत आली तेव्हा आतून बारीक आवाज आला, "माझाही धरा."

महिन्याभरात तळमजल्यावर बॅटरी बसली. पुढे स्वस्तातली खरोखरच बाजारात आली, तेव्हा काका बातमी घेऊन दारोदार फिरला. लोकांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. चार दिवस तो घुश्शात होता.

हल्ली शेजारच्या इमारतीची माणसं बॅटरी बघायला आली, की तोच पुढे होतो. पडद्यावरचे टक्के दाखवतो आणि सांगतो, की तातडीची बैठक झाली, मी ठाम राहिलो आणि निर्णय घडवून आणला. त्या बैठकीत आपण नेमके कुठे होतो, ते तो सांगत नाही. बायको जवळपास असली तर ती सांगते.