सुरमई बांधलेला पेपर

बशीर मुकादम मूळचा हर्णैचा. आज कतारमध्ये, अल रय्यानला एक गोदाम सांभाळतो. परवा कामगारांच्या तक्रारी लिहून घेताना मी त्याच्यावर उखडले. सगळ्यांना साक्ष द्यायला पुढे ढकलतोस, स्वतः का गप्प बसतोस, म्हटलं. तो चिडला नाही. म्हणाला, ताई, मी एकदा बोललोय.

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका टॉवरच्या साइटवर तो हत्यारांच्या स्टोअरला होता. तिथे उत्तर कोरियाचे साठेक मजूर होते. खिडकीशी एकटा कधीच कुणी यायचा नाही. जोडीनं यायचे, एक हत्यार घ्यायला आणि दुसरा पहिल्यावर डोळा ठेवायला. फोन कुणाजवळ नव्हता. पगाराचा मोठा वाटा त्यांचं सरकार ठेवून घ्यायचं, बायकापोरं तिकडे ओलीस असल्यासारखी. आमच्याकडे कफील, म्हणजे व्हिसा काढून आणणारा मालक, छळतो म्हणून मी रोज भांडते. इथे तर अख्खा देशच कफील.

त्यांच्यातल्या एका पन्नाशीच्या माणसाला बशीर मामू म्हणायचा. खरं नाव त्यानं कधी सांगितलं नाही. एका दुपारी मामू खिडकीशी नुसता उभा राहिला, चेहरा उतरलेला. दारात आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायची कोकणी माणसाला सवय नाही. बशीरनं डब्यातली भाकरी आणि तळलेली सुरमई काढली, काउंटरवर पडलेल्या पेपरात बांधली आणि त्याच्या हातात दिली.

पेपर त्यांच्या देशाचाच होता, त्यांच्यातल्याच कुणाचा तरी तिथे राहिलेला. पहिल्या पानावर त्यांच्या नेत्याचा फोटो, आणि घडी बरोबर तोंडावरून गेलेली. तो फोटो मुडपणं त्यांच्याकडे गुन्हा, हे बशीरला कुठून ठाऊक असणार?

मामूनं पुडकं सोडलं. मासा खाली पडला, तिकडे त्यानं पाहिलंही नाही. गुडघ्यावर पेपर पसरून बाहीनं त्या चेहऱ्यावरचं तेल पुसत बसला. जोडीदार शांतपणे बघत होता.

दुसऱ्या दिवशी मामूच्या हेल्मेटखाली वेगळाच माणूस होता. तरुण, उन्हात अजून न रापलेला. मामूच्या नंबरवर त्यानं ड्रिल मागून घेतलं. मामू कुठाय, असं बशीरनं विचारलं, तर दोघं त्याच्या पाठीमागच्या भिंतीकडे बघत राहिले.

दर शुक्रवारी सकाळी त्यांची सभा भरायची. प्रत्येकानं उठून आपली चूक कबूल करायची, मग दुसऱ्याची सांगायची. बशीर त्या शुक्रवारी थेट त्यांच्या शेडमध्ये घुसला. त्यांच्या दुभाष्याला म्हणाला, "पेपर मी दुमडला. शिक्षा मला करा, त्या म्हाताऱ्याला परत आणा."

दुभाषा हसला. "कुठला म्हातारा? इथे असा कुणी नव्हता."

"मग पेपर?"

दुभाष्यानं हे सगळ्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. साठ माणसं, पण एक खुर्ची वाजली नाही. मग तो नवा तरुण उठला आणि हळूहळू, पाठ केल्यासारखं बोलू लागला. बाकीचे वहीत उतरवून घेत होते.

"काय म्हणतोय?" बशीरनं विचारलं.

"पेपर त्यानं दुमडला म्हणतोय. तेल लागलं होतं म्हणतोय. मासा होता म्हणतोय."

तो येऊन तीन दिवस झाले होते. त्यानं तो पेपर पाहिलाही नव्हता.

शनिवारी खिडकीशी जोडी आली. हेल्मेट तेच, नंबर तोच. आत तिसराच चेहरा होता.



मी पेन खाली ठेवलं. बशीरला पुन्हा साक्ष द्यायला सांगितलं नाही.