दोन मनगटं

सेक्टर सतराच्या बाजारात एका सेंटच्या दुकानात मी दोन बाटल्यांपुढे अडून बसले होते. दोन्ही फुलांच्या, दोन्ही पावडरीच्या वळणाच्या. एकीत गुलाब होता, पण नवरीच्या मेकअपच्या डब्यातला. दुसरीत कसलंसं जांभळं फूल, आणि वास थेट न्हाऊ घातलेल्या बाळाचा. असले वास एक तर वेड लावतात, नाही तर डोकं उठवतात. मला गुलाब आवडला होता. पण सेंट ज्यांच्यासाठी लावायचा ते माझे यजमान सीमेजवळच्या तुकडीत, आणि मी इथे फौजींच्या मागे राहिलेल्या बायकांच्या क्वार्टरात. त्या संध्याकाळी ते रजेवर यायचे होते. दुकानदार म्हणाला, हे वास अंगावर मुरले की मगच कळतात, साहेबांनाच ठरवू द्या. त्याने उजव्या मनगटावर गुलाब लावला आणि डाव्यावर ते जांभळं फूल.

संध्याकाळी हे आलेच नाहीत. वाटेत कुठे गोळीबार झाला होता आणि रस्ते बंद होते, एवढंच कळलं. मी हाताला पाणी लागू देईना, म्हणून शेजारच्या सरदारणीने माझी कणीक मळून दिली. तिने दोन्ही मनगटं हुंगली आणि डाव्यावर नाक मुरडलं. "गुलाब पक्का कर," म्हणाली, "दूसरे से तो मेरा सिर घूम गया जी."

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच खूळ शिरलं होतं. वास उडायच्या आत हे आले तर सुखरूप येतील, नाही तर नाही. सकाळची आंघोळ मी दोन्ही हात वर करून उरकली, शरण आल्यासारखी. हसू येत होतं आणि रडूही.

हे दुपारी पोचले. चार घास खाऊन आडवे झाले. मी पलंगाच्या कडेला बसले आणि दोन्ही हात पुढे करून म्हटलं, कुठला ते सांगा. ह्यांनी डावा हात ओढला, गालाखाली घेतला आणि झोपले. हाताला मुंग्या आल्या तरी मी हलले नाही. इतकी आसुसले होते त्या गालासाठी.

हे परत गेल्यावर मी जांभळ्या फुलाची बाटली आणली. डोकं दुखायचं, तरी लावायचे. बाटलीचं बूच काढलं की हे घरात आल्यासारखे वाटायचे.

निवृत्तीनंतर एकदा मी विचारलं, तुम्हाला तोच वास का आवडला होता?

"वास? मला सर्दी झाली होती त्या दिवशी," हे म्हणाले. "दाराकडे तोंड केल्याशिवाय तेव्हा झोपच यायची नाही. तू त्या बाजूला बसली होतीस, आणि तो हात जवळ होता."

हे अजूनही दाराकडे तोंड करूनच झोपतात. त्या बाजूला मी झोपते.