हिवाळ्याच्या मावशी

पार्सिपनीत हिवाळा आमच्या मावशींना विचारल्याशिवाय येत नसे, हे माझं ठाम मत आहे आणि त्यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. माझ्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, मूळच्या नागपूरच्या, साठी ओलांडलेल्या, आणि व्हिसावर आलेल्या आम्हा सगळ्यांच्या जुन्यापान्या गाड्यांवर पोटच्या पोरींसारखा जीव लावणाऱ्या बाई. झाडांची पानं लाल व्हायला लागली न लागली तोच यांची लगबग सुरू. दसऱ्याला पार्किंग लॉटमध्ये पेपर अंथरून त्या हिवाळ्याची शस्त्रं मांडायच्या. फावडं, काचेवरचा बर्फ खरवडायचा स्क्रेपर, टॉर्च, बॅटरी उतरली तर जोडायची जम्पर केबल, सोलापुरी चादर, बिस्किटांचे पुडे, आणि प्रत्येकाला हळदकुंकू! मग गाड्यांची तपासणी. टायरच्या खाचेत एका सेंटचं नाणं उलटं खुपसायचं, त्यावरच्या दाढीवाल्या आजोबांचं अख्खं डोकं दिसलं की टायर बाद. "आजोबा पूर्ण दिसून राहिले ना, आता नवस कशाचा बोलतोस? टायर बदल!" असं त्यांनी एका सीनियर आर्किटेक्टला सगळ्यांदेखत सुनावलं होतं आणि तो बिचारा निमूटपणे बदलून आला होता.

थंडीत मावशींचा फोन आला की "कशी आहेस" नंतर, आधी "टाकी किती?" पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या खाली गेलेला त्यांना खपत नसे. काच धुवायच्या टाकीत एकाने नळाचं पाणी भरलं आणि ते गोठून बसलं, तर आठवडाभर त्याच्याशी अबोला. आठव्या दिवशी त्याच्या दाराशी न गोठणाऱ्या निळ्या पाण्याचा कॅन आणि वर तिळाच्या लाडवांचा डबा! माझी त्यांची ओळख मात्र माझ्या अकलेमुळे झाली. २००४चा नोव्हेंबर, माझा इथला पहिला हिवाळा. सकाळी काचेवर बर्फाचा थर. बरणीचं घट्ट बसलेलं झाकण गरम पाण्याने सुटतं, हे आईने शिकवलेलं शास्त्र. मी घरातून उकळत्या पाण्याचं पातेलं आणलं आणि दिलं ओतून. बर्फ सुटला, पण काचही या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. मागे मावशी माकडटोपी घालून उभ्या. "काय गं, गाडीचा चहा करून राहिली का?" एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवसापासून मला त्यांनी दत्तकच घेतलं. माझ्या डिकीत त्यांनी बासमतीच्या रिकाम्या पोत्यात वाळू भरून ठेवली. बर्फात चाक जागच्या जागी फिरत राहिलं की त्याखाली टाकायची.

काचेच्या त्या प्रतापानंतर बर्फात गाडी चालवायची म्हटलं की मी किल्लीला हातच लावत नसे. ऑफिसातला एक सहकारी मला रोज न्यायचा, म्हणून चाललं होतं. जानेवारीत त्याची फ्रिस्कोला बदली झाली, आणि मॅनेजरने गोड हसून सांगितलं, की नऊला जागेवर दिसली नाहीस तर तुला पुण्याला परत पाठवावं लागेल. परत जायला मला लाज वाटत नव्हती हो, पण हरून जायचं नव्हतं. आणि सोमवारी पाहते तर घोट्याएवढा बर्फ!

मी निघाले. रामरक्षा अर्धीच आठवत होती, तीच पुन्हा पुन्हा म्हणत निघाले. ऑफिसच्या अलीकडच्या चढावर गाडी थांबली ती थांबलीच. चाक गरगर फिरतंय, गाडी जागची हलत नाही, मागे हॉर्न वाजताहेत. मला रडूच फुटलं. मग रडत रडतच डिकी उघडली, न बघता हाताला लागलं ते पोतं ओढलं, आणि पुढच्या चाकांखाली अर्धंअधिक रिकामं केलं. गाडीने एक हिसका दिला आणि चढली की वर! पावणेनऊला मी जागेवर होते. मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं.

संध्याकाळी डिकीतलं दुसरं पोतं, तांदळाचं म्हणून, वर नेलं. शनिवारी दुकानातून आणलेला बासमती आळसापायी डिकीतच राहिला होता. खिचडीसाठी फुलपात्र आत घातलं तर हाताला वाळू! माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी तशीच खाली धावले. "मावशी, मी रस्त्यात तांदूळ ओतला हो! चांगला जुना बासमती!"

मला वाटलं, त्या पोट धरून हसतील. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "उजवं चाक आधी पुढे गेलं का?"

"दोन्ही एकदमच गेली असतील. का?"

"मग झालं तर. अगं, माप ओलांडलंस पोरी! आता हे गाव तुझं."

मी हसत होते, त्या हसल्या नाहीत. "मी अकरा हिवाळे खिडकीशी बसून काढले गं," त्या म्हणाल्या. "गाडी दाराशी, लायसन्स पर्समध्ये, आणि मी आत. मुलाच्या शाळेत नाटक होतं, नेमका बर्फ पडला, गेले नाही. तो स्टेजवरून मला शोधत होता म्हणे. पुढे शिकले, चालवली, पण ते नाटक काही परत झालं नाही. तू पहिल्याच वर्षी निघालीस."

मग मीच म्हटलं, "मावशी, चला, चक्कर मारून येऊ. मी चालवते."

बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. त्यांनी कोट चढवला, शेजारच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला. आता त्या मुलाकडे चँडलरला असतात, तिथे बर्फाचं नावही नाही, आणि मला त्यांची फार आठवण येते. पण सगळ्यात जास्त आठवते ती चक्कर. अख्ख्या गावाला सूचना देणारी ती बाई मांडीवर हात ठेवून समोरच्या रस्त्याकडे बघत बसली होती, आणि घरी परत येईपर्यंत तिने मला एकही सूचना दिली नाही.