बैल माझा, रेडा त्याचा

गावठाणातल्या लोकांनी काढलेल्या त्या छोट्या पक्षाचा बैल माझ्या हातचा होता. जमिनी नव्या शहरात गेलेल्या शेतकऱ्यांचा पक्ष, म्हणून झेंड्यावर बैल. मतपत्रिकेवर चिन्ह काय मिळायचं ते मिळो, नेरूळपासून दिवाळे गावापर्यंतच्या भिंतींवर दोन वर्षं माझाच बैल उभा होता. मी साताऱ्याकडचा. खिलार बैल मी डोळे मिटून काढायचो: पांढराशुभ्र, उंच वशिंडाचा, लांब शिंगांचा. रस्त्याने जाताना मान वळवून त्याच्याकडे बघायचो आणि स्वतःवरच खूश व्हायचो.

महापालिकेची पहिली निवडणूक जवळ आली आणि पक्षाच्या अध्यक्षांनी निशाणी बदलायचा विषय काढला. गावातल्या म्हाताऱ्यांना हा बैल आपला वाटत नाही, असं म्हणे त्यांच्या कानावर आलं होतं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नवं चित्र त्यांनी माझ्याकडून न मागता दिवाळे गावच्या एका माणसाकडून मागवलं. माझ्याच वयाचा, होड्यांवर नावं रंगवणारा. त्याच्याकडे धड ब्रशसुद्धा नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोला म्हटलं, होडीवाला आता मला जनावरं शिकवणार.

रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात बैठक भरली. होडीवाल्याने गुंडाळी सोडून कागद जमिनीवर पसरला, कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. कागदावर रेडा होता.

तो सांगू लागला, तेही खाली बघत. खाडीकाठच्या भातशेतीत गुडघाभर चिखल असायचा, त्यात बहुतेक घरी नांगराला रेडेच होते. हे त्याला घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारल्यावर कळलं होतं. मी आठ वर्षं या लोकांच्या भिंती रंगवत होतो, त्यांच्याकडे चहा पीत होतो, आणि तुमच्या शेतात काय होतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या गावात बैल, म्हणजे सगळीकडे बैल, एवढीच माझी अक्कल.

आणि चित्र! मान खाली घातलेली, पोटापर्यंत चिखल, एक शिंग दुसऱ्यापेक्षा खाली वळलेलं. तो रेडा दमलेला दिसत होता. माझा बैल दोन वर्षांत एकदाही दमला नव्हता. असं चित्र आपल्याला जन्मात जमणार नाही, हे मला पहिल्या नजरेतच कळलं आणि त्या माणसाचा मला मत्सर वाटला.

मी उठलो. म्हणालो, "अध्यक्षसाहेब, रेड्यावर यम बसतो. लोकांच्या दारात यमाचं वाहन काढून मतं मागणार का?"

मग मागच्या बायका नको गं बाई म्हणू लागल्या. विरोधक आपल्याला रेडे म्हणून चिडवतील, हेही कुणाला तरी सुचलं. पाच मिनिटांत निकाल लागला. बैलच राहिला. सगळ्या भिंती नव्याने रंगवायचं कामही मलाच मिळालं.

तो वाद घालेल म्हणून मी दुसरा मुद्दा तयार ठेवला होता. त्याने वाद घातलाच नाही. दगड बाजूला करून कागद गुंडाळू लागला आणि जाता जाता मला म्हणाला, "तुमचा बैल बेस हाय, पेंटर." तो मनापासून म्हणत होता. त्याचाच मला जास्त राग आला.

तेवढ्यात खांबाला टेकून बसलेला एक म्हातारा उठला. त्याने कागद पुन्हा उघडायला लावला, खाली बसला आणि त्या वळलेल्या शिंगावरून बोट फिरवलं.

"यो कागूद माना दे," तो म्हणाला. "घरान लावाचा हाय."

होडीवाल्याने लगेच दिला. त्याचे काही पैसे द्यायचे का, असं म्हातारा विचारत होता आणि होडीवाला नुसती नकाराची मान हलवत होता. घडी पडू नये म्हणून कागद दोन्ही हातांवर आडवा धरून म्हातारा देवळाच्या पायऱ्या उतरला. समोर त्याच्याच घराची भिंत होती आणि तिच्यावर माझा बैल होता. त्याच्याकडे न बघता तो रेडा घेऊन आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या भिंतीपासूनच कामाला सुरुवात केली.