न मागितलेली क्षमा

एस्तेरबाई डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायच्या. सकाळी पत्रा ठोकायच्या प्रेस सुरू होण्याआधी आम्ही सगळे कामगार शेडच्या दारात उभे राहत असू. ज्यांना डोळे मिटायचे ते मिटत. बाई मात्र डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून, रस्त्यापलीकडच्या निळ्या फाटकाकडे बघत देवाशी बोलत. ते फाटक दामूशेठच्या कारखान्याचं होतं. आजचं काम आमच्या हातून नीट होऊ दे, सगळ्यांची बोटं सलामत ठेव, खोटा माल या दारातून बाहेर जाऊ देऊ नकोस, इतकं मोठ्यानं म्हणून झालं की त्या पुढचं एक वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत. ते काय असायचं, हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्या म्हणायच्या, "आणि त्याला अजून जगव. मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे."

मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. सातपूरला रोज नवीन शेड उभी राहत होती आणि आमच्या वस्तीतल्या बायका घरकाम सोडून कारखान्यांची दारं ठोठावत होत्या. मी आत गेल्या गेल्या सांगून टाकलं, की आम्ही बौद्ध आहोत, तुमची प्रार्थना मला येत नाही. बाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. म्हणाल्या, "प्रार्थनेला ये, नको येऊस. पण गार्ड लावल्याशिवाय मशीनला हात लावलास तर त्याच पावली घरी जायचं." गार्ड म्हणजे प्रेसचा ठोका खाली येताना हात मध्ये सापडू नये म्हणून पुढे बसवलेली लोखंडी जाळी. तिच्यामुळे काम थोडं हळू होतं. म्हणून बऱ्याच कारखान्यांत ती काढून कोपऱ्यात टाकलेली असे.

दामूशेठकडेही तशीच टाकली होती. बाईंचे यजमान शांतवन तिथे प्रेसवर होते. सडपातळ, मितभाषी माणूस. आठवडाभर लोखंड ठोकायचे आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. एका दुपारी प्रेसचा ठोका त्यांच्या उजव्या हातावर पडला. अंगठा तेवढा राहिला. मंडळीतली जाणती माणसं शेठला जाब विचारायला गेली, तर तो म्हणाला, मीच येतो. आणि खरंच आला. रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात सगळ्यांसमोर उभा राहिला, दुःख झाल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाला, की तुमचा माणूस त्या दिवशी पिऊन आला होता. मी पोलिसांत गेलो नाही, ही माझी भलमनसाई समजा.

शांतवननी उभ्या आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. पण शेठ मोठा, त्याची गाडी चर्चच्या फाटकाशी उभी, आणि बोलणं गोड. लोकांना त्याचं खरं वाटलं. निदान खोटं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. शांतवन चर्चला जायचे थांबले. दोन-तीन वर्षांनी काविळीनं गेले, तेव्हा मयताला आलेल्या बायका आपापसांत कुजबुजल्या, की कावीळच ना, मग बरोबर आहे. बाईंनी ते ऐकलं. "हात गेला त्याचं मी देवावर सोडलं असतं," त्या मला म्हणाल्या होत्या. "नाव गेलं, ते नाही सोडणार."

तोवर त्या मुलींना शिवण शिकवत होत्या. प्रेस म्हणजे काय, पत्र्याला आकार देणारा साचा, म्हणजे डाय, ती काय, काही माहीत नव्हतं. माहेरकडून निफाडजवळ थोडी द्राक्षाची जमीन वाट्याला आली होती, ती विकून त्यांनी शेड भाड्यानं घेतली. भावानं समजावलं, की धंदाच करायचा तर शिवणाचा कर, आणि प्रेसचाच करायचा तर अंबडला कर, त्या माणसाच्या तोंडासमोर कशाला? बाई म्हणाल्या, त्याच्या तोंडासमोरच करायचा आहे. सुरुवातीला त्या स्वतः प्रेसवर बसायच्या. समोरच्या फाटकातून येणारे-जाणारे हसायचे, म्हणायचे, शिंपीणबाई लोखंड शिवायला बसल्या.

विजेची बटणं बनवणारी एक मोठी कंपनी होती, तिचे छोटे पत्र्याचे भाग दामूशेठकडे व्हायचे. त्यातलं थोडं काम बाईंना मिळालं. एकदा कंपनीचा साहेब स्वतः आला आणि म्हणाला, की माल तातडीनं हवा आहे, या रविवारी शेड चालू ठेवा. बाईंनी त्याला चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "साहेब, रविवारी देव माझं ऐकतो. तुमचं मी सोमवारी ऐकीन." साहेब चिडून गेला. आम्हाला वाटलं, काम गेलं. पण पुढच्याच महिन्यात आमच्याकडून गेलेल्या मालात डाय झिजल्यामुळे खोट राहिली, ती कंपनीत कुणाच्या लक्षातही आली नव्हती. तर बाई टेम्पोत बसून तिथे गेल्या आणि आमचा माल खराब आहे, परत द्या, म्हणून उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून साहेब रविवारचं कधी बोलला नाही. हळूहळू काम वाढत गेलं, आणि समोरचं तितकंच कमी होत गेलं.

मी एकदा भारावून म्हटलं, की बाई, तुमच्यासारखी सचोटी मी कुठे पाहिली नाही. त्यांना ते आवडलं नाही. हातातला पत्रा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "सुमन, मला चांगली म्हणू नकोस. तो खोटं बोलून उभा राहिला. मी खरं बोलून त्याला खाली बसवणार आहे. देवानं मला दुसरं हत्यार वापरायला बंदी केली आहे, म्हणून हे."

त्यांच्या मनातला हा निखारा सगळ्यांना दिसायचा नाही. कामगारांना त्या जीव लावायच्या. कुणाच्या घरी बाळंतपण असलं की डिंकाचे लाडू जायचे, नाताळला आमच्या वस्तीत करंज्यांचा डबा यायचा. आंबेडकर जयंतीला त्या स्वतः सुट्टी द्यायच्या, आणि मिरवणुकीत मला शोधत यायच्या. पण समोर गाडीचा हॉर्न वाजला की त्यांचा चेहरा बदलायचा. फाटकाशी दामूशेठ उतरायचा, तो आत जाईपर्यंत त्या हातातलं काम थांबवून बघत राहायच्या.

एक दिवस बाळू फिटर आला. शेठकडे तो जुना माणूस. दारातच उभा राहिला, आत यायला तयार होईना. मग एकदम खाली बसला आणि रडत म्हणाला, "बाई, ती जाळी मीच काढली व्हती. शेठ म्हणला, लय टाइम जातो, काढून टाक. शांतवनदादा नको म्हणत व्हता. तो प्याला बिला काय नव्हता. मी समदं पाहिलं अन् गप बसलो. मला माफी द्या."

शेडमध्ये प्रेस चालू होत्या, पण आम्हा जवळच्यांचे हात थांबले. मला वाटलं, बाई आता याला हाकलून देतील. त्या त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दिली." चहा मागवला. आणि दुसऱ्या दिवसापासून बाळू आमच्याकडे गार्ड बनवायच्या कामावर आला. बाळू म्हणत होता, की मी चर्चमध्ये येतो, सगळ्यांना सांगतो. बाई नको म्हणाल्या. "त्याचं पाप तुझ्या तोंडानं कशाला धुऊ? खोटं ज्यानं सांगितलं, खरंही त्यानंच सांगायचं."

हे चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर गेलं. ते भले गृहस्थ होते, बाईंचा मान ठेवणारे. ते शेडवर आले आणि म्हणाले, एस्तेरबाई, फिटरला क्षमा केलीत, फार छान केलंत. आता मोठ्या माणसालाही करा, मन हलकं होईल. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"पाळकसाहेब, बाळूनं मागितली, मी दिली. इतकं सोपं आहे ते. ज्यानं मागितलीच नाही, त्याच्या हातात मी काय ठेवू?"

"प्रभूनं न मागताही दिली."

"त्याला जमतं. त्याचा धंदा तो. माझा प्रेसचा."

पाळकसाहेब उठून गेले. मला वाटतं, आपण फार बोललो हे बाईंना कळलं होतं. पण मागे घेण्यासारखं काही बोललो, असं त्यांना वाटत नव्हतं.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं तेव्हा कंपनीनं दामूशेठचं उरलेलं कामही बाईंना देऊ केलं. बाई नको म्हणाल्या, तेवढं त्याच्याकडे राहू द्या. साहेबांना तो मनाचा मोठेपणा वाटला. मला ठाऊक होतं, की बाईंना त्याला बुडू द्यायचं नव्हतं. नाकापर्यंत पाण्यात ठेवायचं होतं. शेठलाही हे कळलं असावं. तो एका संध्याकाळी रस्ता ओलांडून आमच्या शेडमध्ये आला. झालं गेलं विसरून जाऊ, म्हणाला. बाईंनी त्याला बसा म्हटलं नाही. त्यांनी एकच सांगितलं: ज्या लोकांत बोललात, त्याच लोकांत येऊन शब्द परत घ्या. मग तुमचं काम तुमच्याकडे, माझं माझ्याकडे.

तो आला. त्या रविवारी मी आणि बाळूही चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो. उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी त्याला पुढे बोलावलं. दामूशेठनं टोपी काढली, घसा साफ केला आणि म्हणाला, की शांतवनच्या बाबतीत त्या वेळी माझी समजूत तशी झाली होती. समजूत चुकीची असू शकते. कुणाचं मन दुखावलं असेल तर वाईट वाटतं. लोकांनी माना डोलावल्या. पाळकसाहेबांनी हात पुढे केला.

तेवढ्यात बाई उठल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "समजूत नव्हती, शेठ. जाळी तुम्ही काढायला लावली. तो प्यायलेला नव्हता हे तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं. तेवढं म्हणा."

सगळं चर्च त्याच्याकडे बघत होतं. दामूशेठ पाळकसाहेबांकडे बघत होता. त्याची मान लाल झाली. मग त्यानं टोपी घातली आणि दोन बाकांच्या मधून, कुणाकडे न बघता, बाहेर निघून गेला. बाईंच्या पुढच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, शांतवनच्या मयताला आलेल्यांपैकी. तिनं मागे वळून बाईंचा हात धरला. बाईंनी तो सोडवून घेतला.

सोमवारी त्या कंपनीत गेल्या आणि सगळं काम घेऊन आल्या. समोरचा कारखाना वर्षभरात बंद पडला. त्याचे जितके कामगार आले, तितक्यांना बाईंनी ठेवून घेतलं. त्यासाठी बाजूची शेडही भाड्यानं घेतली. ज्या दिवशी निळ्या फाटकाला कुलूप लागलं, त्या दिवशी मी पेढे आणले. जिंकलो होतो ना आम्ही. माझ्या मनात तर ढोल वाजत होते. बाईंनी पेढा हातात घेतला, कामगारांत वाटून टाक म्हणाल्या आणि आपला मशीनवर ठेवून गेल्या.

त्यानंतर दोनेक वर्षांनी त्यांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी मुंबईला न्या म्हटलं. बाईंनी ऐकलं नाही. शेड माझ्या आणि बाळूच्या हवाली केली. पाळकसाहेब शेवटचा प्रभुभोज, म्हणजे प्रभूच्या नावानं भाकरीचा घास, द्यायला आले, तेव्हा त्यांनी पुन्हा तोच विषय काढला. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. "हे एक ओझं मी वर घेऊन जाते. ते बरोबर नाही, हे मला कळतं. देवाशी मीच बोलेन. तुम्ही मध्ये पडू नका." पाळकसाहेबांनी डोळे पुसले आणि भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात दिला. ते निघून गेल्यावर बाईंनी मला जवळ बोलावलं आणि एक गोष्ट माझ्याकडून कबूल करून घेतली.

दफनाला सातपूर लोटलं होतं. दोन शेडचे कामगार, कंपनीचे साहेब, आमच्या वस्तीतल्या बायका. शवपेटी खाली सोडली, पाळकसाहेबांची प्रार्थना झाली आणि लोक एकेक मूठ माती टाकू लागले. गर्दीतून दामूशेठ पुढे आला. काठी टेकत, पार वाकलेला. त्यानं वाकून माती उचलली. मी पुढे होऊन त्याचं मनगट धरलं.

"शेठ, बाई सांगून गेल्यात. आधी ते बोला, मग माती द्या."

पाळकसाहेब हळूच म्हणाले, सुमन, जाऊ दे. मी हात सोडला नाही. दामूशेठ खड्ड्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले. वारा पडला होता आणि बाळूचा हुंदका तेवढा ऐकू येत होता. मग त्याच्या मुठीतलं बळ गेलं. माती काठाच्या बाहेर, आमच्या दोघांच्या पायांवर पडली. त्यानं धोतराला हात पुसला आणि तो परत फिरला.

पुष्कळ लोक मला म्हणाले, की वैर मातीपर्यंत न्यायचं नसतं. मी ऐकून घेतलं. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही. पण त्या लोकांना एक माहीत नाही. बाईंनी माझ्याकडून कबूल करून घेतलं ते एवढंच नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, "बोलला, तर तूच त्याचा हात धरून काठापर्यंत आण. म्हातारा झालाय, पाय घसरेल."