तासाला एकदा बाबा

ऑफिसात तिला सगळे तासबाई म्हणत आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. गोदामांत आणि शीतगृहांत सेन्सर बसवायचे, त्यांनी किती वेळानं नोंद घ्यायची ते ठरवायचं, हे तिचं काम. गिऱ्हाइकं इथे हमखास वेड्यासारखी करत. प्रत्येकाला दर सेकंदाची नोंद हवी.

"अहो, बटाट्यांचं गोदाम आहे ते, गॅसवरचं दूध नाही," ती म्हणे. "बटाटा सेकंदासेकंदाला काय दिवे लावणार आहे? बॅटरी आठवड्यात मान टाकेल, आणि आकड्यांचा तो ढिगारा उपसायला काय तुमचे तीर्थरूप येणार?"

तिचं शास्त्र सोपं होतं. जे सावकाश बदलतं त्याच्याकडे तासातून एकदा बघायचं. जे कधी उसळेल याचा भरवसा नाही, तिथं घड्याळाचा नाद सोडायचा आणि सेन्सरला सांगायचं, तू पडून राहा, काही झालं की उठून लिही. कोण बटाटा आणि कोण दूध हे ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा तिचा समज होता. तो बाबांनी धुळीला मिळवला.

बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे. जन्मभर लोकांची वरखाली जायची सोय केली आणि स्वतः राहिले बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. आई गेल्यापासून एकटेच. दादाचं म्हणणं, बाबांना जिने झेपत नाहीत, ते धड जेवतही नाहीत, तेव्हा घर विकून टाकू आणि त्यांना माझ्याकडे नेतो. दादाकडे म्हणजे वहिनीची शिस्त, नातवंडांचे क्लास आणि टीव्हीसमोरची एक खुर्ची. बाबा लेकीला म्हणाले, "त्यापेक्षा मला तुझ्या बटाट्यांत नेऊन ठेव."

शेवटी तासबाईनं तोड काढली. स्वयंपाकघरात हालचाल टिपणारा सेन्सर लावायचा. महिनाभर बाबा हिंडते-फिरते दिसले तर ते इथंच राहतील, नाहीतर दादाचं खरं. किती वेळानं बघायचं याचा तिनं विचारसुद्धा केला नाही. म्हातारा माणूस म्हणजे बटाटाच की. दिवसभर दर तासाच्या ठोक्याला सेन्सर जागा होई, बारीक हिरवा दिवा लावी, समोर काही हलतंय का बघे, तिच्या फोनवर 'हो' किंवा 'नाही' कळवी आणि पुन्हा झोपे.

पहिला आठवडा हो, हो आणि हो. दादाला चिडवून चिडवून तिनं हैराण केलं. दुसऱ्या आठवड्यात मात्र तिलाच शंका येऊ लागली. माणूस डुलकी काढतो, पेपर घेऊन संडासात बसतो, बाल्कनीत उभा राहून लोकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतो. एवढी सरळ रेघ तिनं फक्त बिघडलेल्या यंत्रांत पाहिली होती. कुणाला न सांगता तिनं ऑफिसातूनच सेन्सरची पद्धत बदलली. घड्याळ सोड, काही हललं की लिही.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन बघितला. ठोक्याला बाबा हलत होते. मधल्या वेळात काहीच नाही, चहा नाही, जेवण नाही. म्हणजे दिवा लागायच्या वेळी उठून हात हलवायचा आणि पुन्हा जाऊन पडायचं, तेही उपाशी! तिनं दादाला फोन लावला, "हरले रे," म्हणाली आणि रडू लागली. दादा तसा भला. "तू पुढं हो, मी आलोच," एवढंच म्हणाला.

दुपारी तीनच्या सुमाराला ती इमारतीत शिरली, तर तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या घरातून बाबांचं गडगडाटी हसू ऐकू आलं. दार उघडंच होतं. शिलाई मशीनशेजारच्या टेबलावर चाटूनपुसून साफ केलेली दोन ताटं, पत्त्यांचा डाव आणि गजराचं घड्याळ. ती उंबऱ्यात पोचते तोच गजर झाला. बाबा ताडकन उठले आणि दारात तिच्यावरच आदळले.

"बाबा, हे काय चाललंय?"

"थांब, आधी वर जाऊन हात हलवून येतो. नाहीतर तू घाबरशील."

"अहो, मी इथं आहे!"

"अरेच्चा, हो की."

"ताशी एकदा डाव मोडतो गं," काकूंनी तक्रार केली. "दोन तासांवर कर ना ते."

इतक्यात जिन्यावरून दादा खाली आला. तो तिच्या आधीच पोचून थेट तिसऱ्या मजल्यावर जाऊन आला होता आणि बोलायलाही दम उरला नव्हता. तो पायरीवरच बसला. तासबाईनं त्याला शांतपणे सांगितलं, की बाबा हे रोज दर तासाला करतात. घराचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

"पण कशाला एवढा खटाटोप?" तिनं बाबांना विचारलं. "खाली जेवतो म्हणून सांगायचं होतंत!"

बाबा पत्ते गोळा करू लागले. "तुझी आई गेल्यापासून दर तासाला माझ्याकडे बघणारं कुणी नव्हतं. तू बघतेयस म्हटल्यावर जाऊ नको?"

तिला हसूही आलं आणि रडूही. सेन्सर तिनं त्याच दिवशी काढून नेला. बाबांना ते मुळीच पटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दर तासाच्या ठोक्याला तिचा फोन वाजू लागला. "हललो गं," एवढंच म्हणून बाबा फोन ठेवत.