आधी डोकं, मग डोळे

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मी चाळीसएक वर्षं एकच काम केलं, आखणीचं. मूर्ती रंगवून झाली की अगदी शेवटी बारीक कुंचल्यानं तिचे डोळे रेखायचे. तोवर ती माती, डोळे उघडले की गणपती. या कामात हात थरथरून चालत नाही. माझा हात कधी कापला नाही. जिभेचं मात्र विचारू नका.

बाविसाव्या वर्षी तर मी स्वतःला अख्ख्या पेणच्या अब्रूची राखणदार समजत होते. रंगाच्या एका व्यापाऱ्यानं कारखान्यात कॅलेंडर दिलं होतं. त्यावर एक बाई, अंगावर कपड्यांची नुसती चाहूल, हातात रंगाचा डबा. डब्याला तेवढं झाकण होतं. जेवणाच्या सुट्टीत मी कुंचला घेतला आणि तिला हिरवी नऊवारी नेसवली. काठ सोनेरी. हात थांबेना म्हणून नथही घातली. झालं काय, तर आसपासच्या तीन कारखान्यांतले लोक तिला बघायला आले, आणि वर्ष सरलं तरी ते कॅलेंडर कुणी उतरवेना! माझीच कला मला नडली. मग मी त्या बाईवरच घसरले, "निर्लज्ज मेली!"

शेजारी आखणी करणारी एक जुनी बाई होती. मूर्तीवरची नजर न हलवता ती म्हणाली, "तिला कशाला गो शिव्या देतेस? तिनं काय कॅलेंडर छापलंय?"

मी नाक उडवलं. म्हातारीला काय कळतंय!

आता मीच म्हातारी. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात लेकीकडे राहते आणि आखणीच्या दिवसांत तेवढी पेणला जाते. लेकीची मुलगी, म्हणजे माझी नात, गेल्या वर्षी एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली. पहिली नोकरी. पहिल्या पगारात मला चष्मा केला तिनं. सकाळच्या शिफ्टची बस आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या नळ-पाइपांच्या एका दुकानासमोर थांबते. आषाढात त्या दुकानावर नवा बोर्ड लागला. शॉवरखाली एक ओलीचिंब बाई, गळ्यापासून मांडीपर्यंतच. डोकं बोर्डाबाहेर. खाली लिहिलेलं, 'फिटिंग अशी, की बघतच राहाल!'

झालं. स्टॉपवर कुणी मुलगी आली की टपरीवरची टोळकी तेच वाक्य म्हणायची. नात पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जायला लागली. दोनदा बस चुकली, साहेब बोलले. एक दिवस डबा तसाच ठेवून म्हणाली, "आजी, मी नोकरी सोडते."

आणि चाळीस वर्षं देवांचे डोळे उघडणारी मी काय म्हणाले असेन? "ओढणी घे नीट, नि खाली बघून उभी राहा." बाविशीतली ती शहाणी अजून माझ्यात ठाण मांडून बसली होती बघा!

नात उसळली. "मी का खाली बघू? डोकं त्या बाईला नाय. मला हाय!"

मी तिचा डबा उचलून आत गेले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

त्या दुकानदाराचा घरचा गणपती दरवर्षी आमच्याच कारखान्यातून येतो, आणि डोळे माझ्याच हातचे हवेत हा त्याचा हट्ट. श्रावणात तो पेणला मूर्ती बघायला आला. सोंड झाली होती, पीतांबर झालं होतं, मुकुट चमकत होता. डोळ्यांच्या जागी कोरी माती.

"आजी, डोळे ऱ्हायले की!"

"ऱ्हायले नाय, ठेवलेत. तुला डोळ्यांची काय गरज? तुझ्या दुकानावरच्या बाईला तर डोकंच नाय. चाललंय की तिचं झकास."

"अवो, तो बोर्ड कंपनीवाल्यांनी फुकट दिला. मी काय केलं?"

"टांगलास कुणी? गणपतीनं?"

तो हसला. मी हसले नाही. मग मी त्याला नातीचं सगळं सांगितलं. बस, टपरी, नोकरी. तो खाली बघायला लागला. म्हटलं, चला, कुणीतरी योग्य माणूस खाली बघतोय.

"ती बाई उतरव," मी म्हटलं, "मग तुझ्या देवाचे डोळे उघडतील. नायतर असाच बसव, आणि आलेल्या पाहुण्यांना तूच सांग का ते."

"आजी, ही धमकी हाय."

"व्हय."

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, बोर्ड उतरवला म्हणून. मी नातीला विचारून खात्री केली. देवाच्या कामात उधारी नको. मगच कुंचला ओला केला.

गणपतीत त्याच्याकडे दर्शनाला गेले, तर त्याची बायको मला स्वयंपाकघरात ओढत घेऊन गेली. "मी दोन महिने सांगत होते, ऐकला नाय. आजी, पुढल्या वर्षी डोळे अजून जरा अडवून धरा." आणि तिनं मोरीतला नळ दाखवला. नळवाल्याच्या घरचा नळ, त्याला चिंधी बांधलेली, टपटप गळत होता.

आता दुकानावर नुसत्या नळाचं चित्र आहे. टपरीवरची पोरं अजून बसतात, पण त्यांचं पाठांतर चुकलंय. नळाकडे बघून काय म्हणणार? नात सकाळी तिथंच उभी राहते, मान वर करून. बस दिसली की मला गच्चीवर बघून हात करते. नव्या चष्म्यातून तिचे डोळे मला इथून स्पष्ट दिसतात. अगदी सुरेख आखलेत. ते काम मात्र माझं नाही.